वाल्देमार हाफकिन : ओडेसा ते परळ

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ज्याच्या कानावरून गेलेले नाही असा सुशिक्षित मराठी वाचक विरळाच म्हणावा लागेल. सर्पविषावरील औषध, पोलिओचे थेंब, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस, या साऱ्यांच्या आठवणीबरोबर ते नाव आपल्या जिभेवर येते. ते इतके आपले होऊन गेले आहे, की हे एका माणसाचे आडनाव आहे, तो माणूस कोठून तरी येथे आला आणि कोणत्या तरी कारणाने येथून गेला, हा विचार सहसा मनाला शिवत नाही. प्रस्तुत लेखात त्या माणसाचा जीवनवृत्तान्त सांगावयाचा आहे. सूक्ष्मजंतुशास्त्राच्या इतिहासात त्याचे स्थान कोणते, याचा निर्णय त्या शास्त्राच्या अधिकारी व्यक्तींनी द्यावा. माझे लक्ष आहे ते त्याच्या आयुष्यातील एका सूत्राकडे. हाफकिन हे ज्यू होते. ज्यू असल्याचा जाब त्यांना आयुष्यात अनेकदा द्यावा लागला. आणि त्याला त्यांनी दिलेले उत्तर वयाबरोबर बदलत गेले.

वाल्देमार मोर्देकाय वुल्फ हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी, एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी झाला. रशियन साम्राज्यातील बहुसंख्य ज्यूंना ठराविक पश्चिम प्रांतांबाहेर वास्तव्य करण्याची मुभा नव्हती. ओडेसा त्या मर्यादेच्या आत होते आणि ते बंदर असल्याने तेथे ग्रीक, इटालियन, युक्रेनी, ज्यू अशी अठरापगड वस्ती होती. योगायोग असा, की त्याच १८६० साली पॅरिसमध्ये ‘अलियांस इझ्राएलित युनिव्हर्सेल’ ही संस्था स्थापन झाली. १८४० साली दमास्कसमध्ये ज्यूंवर नरबळीचा खोटा आळ घेण्यात आला होता. १८५८ साली बोलोन्यात एका ज्यू मुलाला पोपच्या शिपायांनी आईबापांपासून हिरावून नेले होते. अशा प्रकारांचा प्रतिकार करावयाचा तर निषेधाच्या अर्जांबरोबर शाळाही काढल्या पाहिजेत, हे त्या संस्थेचे धोरण. मोरोक्कोतील तेतुआन येथे १८६२ मध्ये पहिली शाळा निघाली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत तिच्या शाळांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. या समवयस्क संस्थेची आणि हाफकिन यांची गाठ पुढे पडावयाची होती. परंतु त्याला अवकाश होता.

बेर्द्यान्स्क येथील शालेय शिक्षण आटोपून हाफकिन १८७९ साली ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातील पांढऱ्या पेशी आगंतुक जंतूंना गिळून टाकतात, या शोधाबद्दल पुढे १९०८ मध्ये ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते हेच. त्या पिढीतील कितीतरी रशियन विद्यार्थ्यांप्रमाणे हाफकिनही झारविरोधी क्रांतिकारकांच्या वर्तुळात ओढले गेले होते. मार्च १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्या रागाचे खापर ज्यूंच्या माथी फुटले. दक्षिणेतील शहरांतून ज्यू वस्त्यांवर झुंडी चालून गेल्या. घरे फोडणे, दुकाने लुटणे, माणसे मारणे, आणि हे चालू असता पोलिसांनी दुसरीकडे पाहणे, या सर्व प्रकाराला रशियन भाषेत ‘पोग्रोम’ असा एकच शब्द आहे. तो पुढे जगभरच्या भाषांना घ्यावा लागला. ओडेसातील ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणासाठी दल उभारले. हाफकिन त्यात होते. ते जखमी झाले आणि त्यांनाच अटक झाली. मेचनिकॉव्ह यांच्या रदबदलीने त्यांची सुटका झाली. ज्यूद्वेषाला त्यांनी दिलेले हे पहिले उत्तर, एकवीस वर्षांच्या तरुणाचे.

दुसरे उत्तर अधिक शांत होते आणि माझ्या मते अधिक कठीण. पदवी मिळाल्यावर विद्यापीठात अध्यापनाची वाट त्यांना मोकळी होती. अट एवढीच, की त्यांनी रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचा बाप्तिस्मा घ्यावा. त्या काळी ही अट घालणाऱ्याला ती अन्यायाची वाटत नसे आणि ती मान्य करणाऱ्यालाही फारसा संकोच वाटत नसे. जर्मन कवी हाइने याने १८२५ साली हाच मार्ग पत्करला होता. हाफकिन तेव्हा काही फारसे धर्मनिष्ठ नव्हते. तरीही त्यांनी नकार दिला. ज्या धर्माचे आचार तो माणूस पाळीत नव्हता तो धर्म सोडण्यास त्याने नकार द्यावा, यात वरवर पाहता विसंगती दिसेल. परंतु सक्तीने सोडावयास लावलेली वस्तू आपलीच असल्याची जाणीव माणसाला त्या क्षणी होते, असा अनुभव आहे. परिणाम असा झाला, की ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात ते साहाय्यक म्हणून १८८८ पर्यंत राहिले. एकपेशीय जीवांवरील त्यांचे आरंभीचे निबंध याच संग्रहालयातील काचेच्या बरण्यांच्या सहवासात लिहिले गेले.

१८८८ मध्ये ते जिनिव्हास गेले आणि पुढल्याच वर्षी पॅरिसला. मेचनिकॉव्ह तोवर पाश्चर यांच्या नव्या संस्थेत आले होते. शिष्यासाठी तेथे एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती स्वीकारली. दिवसा पुस्तके लावावी, उरल्या वेळी प्रयोगशाळेत काम करावे आणि मनोरंजन म्हणून व्हायोलिन वाजवावे, असा त्यांचा क्रम होता. एमिल रू यांच्या हाताखाली जागा मिळाल्यावर त्यांनी पटकीचा प्रश्न हाती घेतला. जंतूंचा जोर प्राण्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन वाढवावयाचा, उष्णतेने तो कमी करावयाचा, आणि आधी सौम्य व मग तीव्र अशी दुहेरी लस टोचावयाची, ही त्यांची रीत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, बाजू दुखली, आणि काही दिवसांत ते पूर्ववत झाले.

रशियात त्या वर्षी पटकीने थैमान घातले होते. परंतु रशियाने त्यांच्या लसीकडे पाठ फिरवली. चेकॉव्हने त्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका पत्रात हाफकिन यांचा उल्लेख आहे. त्यांच्या लसीवर आपला काही भरवसा आहे, पण त्या माणसाला रशियात मान नाही, कारण तो ज्यू असल्याने ख्रिस्ती माणसांनी त्याच्यापासून सावध राहावयाचे असते, अशा आशयाचा उपरोध त्याने केला आहे. चेकॉव्ह स्वतः वैद्य होता आणि पटकीच्या साथीत त्याने आपल्या तालुक्यात काम केले होते. त्यामुळे या उपरोधाला अनुभवाची धार आहे.

हिंदुस्थानची वाट उघडली ती लॉर्ड डफरिन यांच्यामुळे. हे पूर्वी येथे व्हाइसरॉय होते आणि आता पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. पुढील अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थानातील छावण्या, तुरुंग, चहाचे मळे आणि कलकत्त्याच्या बस्त्या यांतून त्यांनी बेचाळीस हजारांवर माणसांना पटकीची लस टोचली. हिवतापाने खंगून ते १८९५ मध्ये युरोपास परतले आणि बरे वाटताच पुन्हा आले. एक लक्षात ठेवावे : ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लष्करी हुद्द्याच्या डॉक्टरांच्या दृष्टीने ते एक परके प्राणिशास्त्रज्ञ होते, त्यातून रशियन. आणि रशियाविषयीच्या संशयाने सरकार तेव्हा पछाडलेले होते. रशियातून ज्यू म्हणून वगळला गेलेला हा माणूस येथे रशियन म्हणून संशयित ठरला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला आणि प्लेगाचे नाव उच्चारले. पुढचा इतिहास मराठी वाचकास ठाऊक आहे. शहर ओस पडू लागले. १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा, घराघरांतून गोऱ्या सोजिरांची झडती, क्वारंटीन, पुण्यात रँडची कारकीर्द, २२ जूनचा गणेशखिंडीतील गोळीबार, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. आणि याच काळात १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा झालेला मृत्यू. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मुद्दाम मारतात, अशा वदंता लोकांत पसरल्या होत्या. ज्या राज्यकर्त्यांनी लोकांचे देवघर व माजघर सोजिरांना मोकळे केले, त्यांच्या औषधाविषयी लोकांच्या मनात विश्वास कोठून यावा?

अशा वातावरणात ७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढी त्यांची प्रयोगशाळा. प्लेगाचे जंतू वाढवण्यासाठी मांसाचे सूप लागे. हिंदू व मुसलमान दोघांच्याही धर्मभावना दुखवू नयेत म्हणून गाय व डुक्कर वर्ज्य करून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. त्या सुपावर तुपाचे थेंब सोडले की त्यांना धरून जंतूंची वाढ छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी खाली उतरते, हे त्यांना आढळले. तुपाचा असा उपयोग आपल्या पाकशास्त्राला सुचला नसता. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचवून घेतली, पुढे नेहमीची म्हणून ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपखुशीने पुढे आले त्यांना टोचण्यात आले. उरलेल्यांशी त्यांची तुलना केली असता टोचलेल्यांत रोग व मृत्यू दोन्ही पुष्कळ कमी आढळले. कैद्याच्या आपखुशीला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न आज आपण विचारू. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही. तथापि एवढे म्हटले पाहिजे, की लस सक्तीने टोचण्याला हाफकिन यांचा नेहमीच विरोध राहिला. झडतीच्या आणि सक्तीच्या त्या दिवसांत ही गोष्ट लहान नव्हती. ज्याच्यावर एकदा धर्मान्तराची अट लादली गेली होती, त्याला दुसऱ्याच्या शरीरावर हुकूम चालवण्याचा मोह झाला नाही, असा संबंध मी जोडतो. तो कोणास ओढून आणलेला वाटला तर माझी हरकत नाही.

खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः पुढे होऊन सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. त्यांच्या हजारो अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली एक वास्तूही दिली. रशियातील ज्यूंना तुर्की सुलतानाच्या परवानगीने पॅलेस्टाइनमध्ये जमीन घेऊन वसवता येईल काय, ही कल्पना हाफकिन यांनी आगाखानांपाशीच मांडली. सुलतानाने ती मानली नाही. परंतु प्लेगच्या धामधुमीत असलेल्या या माणसाच्या मनात ओडेसाची ती १८८१ ची रात्र जिवंत होती, याची ही खूण आहे.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. या वास्तूची कथाही विलक्षण. येथेच १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंटला मुक्काम हलवला. पटकीने ओस पाडलेल्या वाड्यात पटकीची लस शोधणारा माणूस राहावयास आला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. मुंबई इलाख्याच्या दक्षिणेस हुबळीस १८९८ मध्ये लस टोचून घेण्यासाठी लोटलेली गर्दी त्या काळी गाजली. मी ज्या हूटगळ्ळीत बसून हे लिहीत आहे ती वस्ती त्या वेळी म्हैसूर शहराबाहेरचे एक खेडे होते. प्लेगने या संस्थानालाही सोडले नाही. १९०३ साली म्हैसूरसाठी स्थापन झालेल्या नगरसुधारणा विश्वस्त मंडळामागे त्या साथीचा धाक होता. आज ज्या रुंद रस्त्यांचे आपण कौतुक करतो त्यांच्या मुळाशी तो आहे.

येथे थोडे विषयान्तर करतो. ज्या मुंबईत हाफकिन आले तेथील ज्यू मराठी बोलत होते. कोकणातले बेने इस्रायल, गावागावांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथ पाळत असल्याने शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे, अठराव्या शतकापासून या शहरात स्थिरावले होते. त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. शेजाऱ्यांनी त्यांना एक जात मानले. जातीव्यवस्थेचे जे काही दोष असतील ते असोत, पण पोग्रोम त्यांच्या वाट्यास आला नाही. त्यांची अडचण निराळी होती. बगदादहून आलेले धनाढ्य ज्यू त्यांना पुरते ज्यू मानण्यास तयार नसत. हाईम सॅम्युएल केहिमकर या अलिबागच्या गृहस्थाने त्याला दिलेले उत्तर शिक्षणाचे होते. १८७५ मध्ये त्यांनी आपल्या समाजासाठी मुंबईत इस्रायली शाळा काढली आणि समाजाचा सविस्तर इतिहास लिहिला. तो १८९७ मध्ये, म्हणजे हाफकिन यांनी दंडात सुई टोचवून घेतली त्याच वर्षी, लिहून पुरा झाला आणि छापून निघाला तो चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. त्याच शाळेचे मुख्याध्यापकपद पुढे दीर्घकाळ रिबेका रूबेन या विदुषीने सांभाळले. आपण कोण आहोत हे आपणच नीट लिहून व शिकवून ठेवावे, म्हणजे दुसऱ्याच्या गैरसमजाला जागा राहत नाही, ही केहिमकरांची श्रद्धा होती. हाफकिन त्या श्रद्धेपाशी उतारवयात पोहोचले.

१८९७ मध्ये राणीच्या हीरक महोत्सवात त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला, पुढे ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले. लंडनच्या ज्यू समाजाने त्यांचा सत्कार केला. संशय संपला असे वाटावे असा हा काळ.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील गुजरात जिल्ह्यात, मुल्कोवाल नावाच्या खेड्यात, १०७ माणसांना प्लेगची लस टोचण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ‘५३ एन’ या खुणेच्या एका बाटलीतून ज्या एकोणीस जणांना टोचले होते, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही जण मरण पावले. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांना काही झाले नाही. ती बाटली परळला एक्केचाळीस दिवसांपूर्वी भरलेली होती.

प्रश्न सरळ होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कोठे : परळच्या प्रयोगशाळेत, की मुल्कोवालच्या झाडाखाली? चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दोन लष्करी डॉक्टर त्याचे सभासद होते. पंजाबच्या प्रचंड मागणीला पुरे पडावे म्हणून हाफकिन यांनी लस तयार करण्याची रीत थोडी बदलली होती. पूर्वी तीत कार्बोलिक आम्ल घालीत. आता केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पाश्चर संस्थेत हीच रीत चालू होती. आयोगाला मात्र या बदलातच दोष दिसला. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बिनपगारी रजेवर ते १९०४ मध्ये लंडनला गेले.

वस्तुतः आयोगापुढे दुसऱ्या बाजूचाही पुरावा होता. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुचकळून, त्यानेच बूच ओढून काढण्यात आले होते. धनुर्वाताचे जंतू सहा आठवडे सुपात वाढले असते तर त्याला दुर्गंधी सुटली असती; टोचणाऱ्या डॉक्टराने बाटली हुंगली होती आणि वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेकडे प्रकरण पाठवले गेले, तेव्हा बहुधा बाटली उघडतानाच संसर्ग झाला असावा, या मताकडे ती संस्था झुकली. हे कागदपत्र सरकारने प्रसिद्ध केले ते १९०६ च्या अखेरीस. चार वर्षे एक माणूस एकोणीस मृत्यूंचे ओझे घेऊन वावरत होता.

या प्रकरणाला काहींनी छोटे ड्रेफस प्रकरण म्हटले. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकाऱ्यावर १८९४ मध्ये हेरगिरीचा खोटा आरोप ठेवून त्याला जन्मठेप देण्यात आली होती. झोलाने १८९८ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले आणि १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. हे साम्य आकर्षक असले तरी ते जपून वापरावे, असे माझे मत आहे. ड्रेफस प्रकरणात कागद बनावट केले गेले होते, रस्त्यांतून ज्यूंच्या नावाने शिमगा चालला होता. मुल्कोवालच्या कागदांत हाफकिन यांच्या धर्माचा प्रश्न उपस्थितच केलेला नाही. न्यायमूर्ती जेंकिन्स हे सचोटीचे गृहस्थ होते. परंतु पूर्वग्रहाची एक रीत अशी आहे, की तो पुराव्याच्या जागी बसत नाही. पुराव्याची पारडी समतोल असताना काटा कोणत्या बाजूस ढळावा, एवढेच तो ठरवतो. एका बाजूस सरकारी नोकरीतला डॉक्टर होता. दुसऱ्या बाजूस होता तो माणूस डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता, ख्रिस्ती नव्हता. यांतील कोणत्या नकाराचे वजन किती पडले, हे तराजूत घालून सांगता येणार नाही.

आणि एक स्मृती या प्रकरणामागे उभी आहे, जी हिंदुस्थानात कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १३४८-४९ मध्ये युरोपात प्लेगची काळी साथ आली तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवले, असा आळ त्यांच्यावर घेण्यात आला. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले; साथ शहरात पोहोचण्याच्याही आधी. साडेपाचशे वर्षांनंतर एका ज्यू माणसाने प्लेगवर लस काढली आणि त्याच्या बाटलीत विष होते, असा ठपका त्याच्यावर आला. हाफकिन यांना हे साम्य जाणवले नसेल, हे संभवत नाही.

त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत अग्रभागी होते रोनाल्ड रॉस. अल्मोड्यात जन्मलेले, सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधणारे हे नोबेल विजेते. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस, सिम्पसन प्रभृती दहा शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले, हाफकिन यांच्यावरील आरोप असिद्ध असल्याचे त्यांनी स्पष्ट बजावले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांना सन्मानाने पुन्हा नोकरीत घेण्यात आले.

येथे मला एक सल लागून राहिली आहे. चिमटा पाडणाऱ्या त्या साहाय्यकाचे नाव नरिंदर सिंग. हाफकिन निर्दोष ठरले तेव्हा दोष उतरंडीच्या तळाशी असलेल्या या देशी मनुष्याकडे सरकला आणि तेथेच राहिला. त्याने चिमटा पाडला हे खरे दिसते. पण खेड्यात, उघड्यावर, घाईने, शंभर माणसांना टोचण्याची व्यवस्था त्याने ठरवलेली नव्हती. एकाच्या अन्यायाचे परिमार्जन करताना दुसऱ्याच्या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. मेलेल्या एकोणीस गावकऱ्यांविषयी तर या सगळ्या पत्रव्यवहारात फारच थोडा मजकूर खर्ची पडला आहे.

पुनरागमन झाले, पण पूर्वीचे काही परत मिळाले नाही. परळच्या जागेवर दुसरे संचालक होते. हाफकिन यांना कलकत्त्यास प्रयोगशाळा देण्यात आली आणि लस तयार करून टोचण्याच्या कामापासून दूर ठेवण्यात आले. वयाची पंचावन्न वर्षे होताच १९१५ मध्ये ते निवृत्त झाले आणि फ्रान्सला गेले. त्यांनी विवाह केला नव्हता.

यापुढची पंधरा वर्षे शास्त्रीय चरित्रकार भरभर उलटतात. माझ्या दृष्टीने मात्र चरित्राला पूर्णता येते ती येथे. तरुणपणी ज्या धर्माचे आचार ते पाळीत नव्हते, तो धर्म त्यांनी आता नियमाने आचरावयास घेतला. १९१६ साली ‘मेनोरा जर्नल’ या अमेरिकन नियतकालिकात त्यांनी परंपरानिष्ठेच्या समर्थनार्थ निबंध लिहिला. विखुरलेल्या, राज्यहीन समाजाला हजारो वर्षे एकत्र धरून ठेवले ते रोजच्या आचाराने आणि अध्ययनाने; ते सुटले तर बाहेरच्या शत्रूची गरजच उरणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा हा निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. मलाही तो संपूर्ण मान्य नाही. परंपरेच्या नावाने किती काय लपवले जाते, हे आपल्या देशात सांगावयास नको. तथापि तो भित्र्या माणसाचा निष्कर्ष नव्हे, एवढे मान्य करावे लागते.

महायुद्ध संपले तेव्हा पोलंड, रुमानिया इत्यादी नव्याजुन्या राष्ट्रांतील अल्पसंख्याकांचे हक्क करारात लिहून घेण्याची खटपट पॅरिसमध्ये चालू होती. पोलंडबरोबरचा तसा करार २८ जून १९१९ रोजी झाला. या काळात हाफकिन हे अलियांसच्या कार्यात सामील झाले आणि पूर्व युरोपातील ज्यूंच्या हक्कांचा प्रश्न हा त्यांच्या आस्थेचा विषय राहिला. जन्मवर्ष एकच असलेल्या माणसाची आणि संस्थेची गाठ अशी साठीत पडली. १९२० नंतरच्या दशकात ते एकदा ओडेसालाही जाऊन आले. क्रांतीने झार नाहीसा केला होता. त्यांच्या ओळखीचे ओडेसाही नाहीसे झाले होते.

१९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थायिक झाले. जन्मभराची जवळजवळ सगळी कमाई त्यांनी एका निधीसाठी दिली. पूर्व युरोपातील येशिवा, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळा, यांना त्या निधीतून साहाय्य मिळावयाचे होते. पण त्यात एक विशेष होता : धर्माध्ययनाबरोबर तेथे विज्ञान व हातचा एखादा व्यवसायही शिकवला जावा, ही त्यांची इच्छा होती. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे उदाहरण डोळ्यांसमोर आणले म्हणजे या कल्पनेचे स्वरूप मराठी वाचकास सहज उमगेल. दंगलीत काठी घेऊन उभा राहिलेला तरुण, बाप्तिस्मा नाकारणारा पदवीधर, कागदांनी कागदांशी लढणारा संशयित, आणि अखेरीस पाठशाळांना विज्ञान शिकवू पाहणारा वृद्ध, असा हा प्रवास आहे. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

निधीतून काही वर्षे साहाय्य वाटले गेले. त्याचा कारभार बर्लिनमधील एका ज्यू साहाय्यक संस्थेकडे होता. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये सत्ता कोणाच्या हाती गेली आणि १९३९ ते १९४५ या काळात पोलंड व लिथुआनियातील त्या पाठशाळांचे, त्यांतील गुरूंचे आणि विद्यार्थ्यांचे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. हाफकिन यांच्या दैनंदिन्या व कागदपत्रे आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले तेव्हा त्यांनी आभाराचे पत्र धाडले होते. मुंबईतील कामात आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली, असे त्यांनी त्यात कळवले होते. मुल्कोवालची तक्रार त्यांनी केली नाही. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्याच वर्षी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. लेखक होते सेलमन वॅक्समन. युक्रेनमधील एका ज्यू खेड्यात जन्मलेले, विद्यापीठाची दारे ज्यूंना अरुंद झाल्यामुळे १९१० मध्ये अमेरिकेस गेलेले. त्यांच्या प्रयोगशाळेत सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन एव्हाना प्लेगवरचे खात्रीचे औषध ठरले होते आणि परळच्या लसीची गरज पुष्कळशी सरली होती.